मुलांची वाढ आणि मुलांचे मनोविकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शिक्षक, समुपदेशक आणि मानसशास्त्राचे विद्यार्थी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पायाभूत आहेत, शेवटचे अडचणीचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. हे पान वाचून कुणा एका मुलाचं निदान करू नये. त्यासाठी मूल प्रत्यक्ष पाहावं लागतं, आणि बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त वेळा पाहावं लागतं.

१. बालविकासाचा अभ्यास आणि मुलांच्या मनोविकारांचा अभ्यास, हे एकच नाही का?

बराच काळ नव्हतं. बालविकासाचे अभ्यासक घराघरांत, बालवाड्यांत आणि प्रयोगशाळांत मुलं पाहत. मूल कधी बोलू लागतं, कधी राग आवरू लागतं, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे त्याला कधी उमजू लागतं, हे त्यांचे प्रश्न. ही मुलं बहुतेक ठणठणीत असत. मनोविकारांचे अभ्यासक दवाखान्यात बसत. त्यांच्यासमोर येणारं मूल आधीच अडचणीत असे, आणि त्याच्या त्रासाला बऱ्याचदा मोठ्यांच्या आजारांची मापं लावली जात. दोघांच्या परिषदा वेगळ्या आणि नियतकालिकंही वेगळी.

१९७० च्या दशकापासून ही भिंत पडू लागली. १९८४ मध्ये ॲलन स्रूफ आणि मायकेल रटर यांनी या जोडविषयाची चौकट मांडली. १९८९ मध्ये डान्टे सिकेटी यांच्या संपादनाखाली त्याचं स्वतंत्र नियतकालिक सुरू झालं. विकासात्मक मनोविकारशास्त्र हे त्याचं नाव. 'या मुलाला कुठला आजार आहे?' या प्रश्नाच्या जोडीला ते आणखी दोन प्रश्न विचारतं: हे मूल इथवर कोणत्या वाटेनं आलं, आणि इथून पुढे कोणत्या वाटा फुटतात?

२. आजारी मुलांना मदत हवी आहे. मग निरोगी मुलांचा अभ्यास कशासाठी?

कारण काय बिघडलं हे कळायला, न बिघडता ते कसं चालतं हे आधी माहीत असावं लागतं. याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) संशोधनात आहे.

१९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर यांनी निरोगी मुलांसाठी एक चाचणी तयार केली. दुसऱ्याची समजूत चुकीची असू शकते, हे मुलाला कोणत्या वयात कळतं, एवढंच त्यांना पाहायचं होतं. दोनच वर्षांनी सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी तीच कल्पना दोन बाहुल्या घेऊन स्वमग्न मुलांसमोर मांडली. सॅली नावाची बाहुली तिची गोटी टोपलीत ठेवते आणि बाहेर जाते. ॲन ती गोटी काढून डब्यात लपवते. सॅली परत येते. ती गोटी कुठे शोधेल? चार वर्षांच्या पुढची बहुतेक मुलं सांगतात, 'टोपलीत', कारण सॅलीला काय माहीत आहे आणि काय नाही, याचा हिशेब ती करतात. डाऊन सिंड्रोम (गुणसूत्रांतल्या बदलामुळे बौद्धिक वाढ मंदावणारी जन्मजात स्थिती) असलेल्या १४ पैकी १२ मुलांनीही बरोबर उत्तर दिलं. स्वमग्न असलेल्या २० पैकी १६ मुलांनी डब्याकडे बोट दाखवलं, आणि ही मुलं बौद्धिक चाचण्यांत डाऊन सिंड्रोमच्या मुलांपेक्षा सरस होती.

म्हणजे अडचण सरसकट बुद्धीची नव्हती, एका विशिष्ट क्षमतेची होती. ती क्षमता एरवी कधी आणि कशी उमलते हे आधी तपासलं होतं, म्हणूनच हे दिसू शकलं. उरलेल्या चार मुलांनी बरोबर उत्तर दिलं, हेही तितकंच महत्त्वाचं. या एका क्षमतेवरून सगळी स्वमग्नता समजावता येणार नाही, हे त्यातून पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. ते सर्वमान्य व्हायला बरीच वर्षं गेली.

३. आमचं अडीच वर्षांचं मूल मारतं, चावतं, ढकलतं. ही हिंसक वृत्तीची सुरुवात आहे का?

या एका माहितीवरून तसं म्हणता येत नाही. मुलं मोठी होता होता मारामारी शिकतात, असा पूर्वी समज होता. रिचर्ड ट्रेम्ब्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला तेव्हा चित्र उलटं निघालं. शारीरिक आक्रमकता दुसऱ्या ते चौथ्या वर्षाच्या दरम्यान सर्वाधिक असते आणि नंतर बहुतेक मुलांत उतरत जाते. मारणं कुणी शिकवावं लागत नाही. न मारता आपलं म्हणणं पुढे रेटणं मात्र शिकावं लागतं, आणि त्यासाठी भाषा, थांबण्याची ताकद आणि न चिडता थांबवणारं मोठं माणूस लागतं.

म्हणून या वयात 'मारतं का?' यापेक्षा 'कमी होत चाललंय का?' हा प्रश्न कामाचा. शाळेत जाण्याच्या वयापर्यंत ते उतरलं नाही, किंवा बोलणं उशिरा येण्यासारखी दुसरी अडचण सोबत असेल, तर दाखवून घ्यावं.

४. 'वयाला धरून आहे' आणि 'दाखवायला हवं' यांच्यातली रेषा कुठे ओढायची?

सगळ्यांना लागू होईल अशी एकच रेषा नाही, पण अनुभवी माणसं साधारण कशाकडे पाहतात ते सांगता येतं. पहिलं म्हणजे वय. आई खोलीबाहेर गेली की रडणं दहाव्या महिन्यात निकोप वाढीची खूण आहे. दहाव्या वर्षी रोज शाळेच्या दारात तेच होत असेल तर विचार करावा लागतो. रात्री अंथरूण ओलं होणं पाच वर्षांच्या आत विकार मानलंच जात नाही. मग पाहायचं ते हे की गोष्ट किती काळ चालली आहे, एकाच ठिकाणी दिसते की सगळीकडे, आणि तिच्यामुळे काय अडलं आहे: झोप, खाणं, खेळ, मैत्री, शिकणं.

मला स्वतःला शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो. विचित्र वाटणारी पण काहीच न अडवणारी सवय असेल तर वाट पाहता येते. कुणाच्या लक्षात न येणारी, पण मुलाचा खेळ बंद पाडणारी भीती असेल तर थांबून चालत नाही.

दोन बाबतींत मात्र वाट पाहू नये. आलेलं कौशल्य गेलं, म्हणजे बोलत असलेले शब्द थांबले, नजर देणं बंद झालं, तर कोणत्याही वयात लगेच तपासणी हवी. आणि मरण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल मूल बोललं, तर ते 'लक्ष वेधण्यासाठी' आहे असं घरच्या घरी ठरवू नये.

५. 'मोठं झालं की आपोआप सुटेल' असं सगळे सांगतात. ते खरं आहे का?

काही गोष्टींत खरं आहे. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान अडखळत बोलू लागलेल्या मुलांपैकी बहुसंख्य पुढे नीट बोलतात. अंधाराची, प्राण्यांची भीतीही बऱ्याचदा ओसरते.

पण सरसकट धरलं तर हा सल्ला धोक्याचा आहे. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. त्यातल्या ज्यांना २६ व्या वर्षी मनोविकार होता, त्यांच्यापैकी निम्म्यांना १५ वर्षांच्या आतच कुठला ना कुठला विकार निदान झाला होता, आणि सुमारे तीन चतुर्थांशांना १८ वर्षांच्या आत. मोठ्यांच्या मनोविकारांची सुरुवात एवढ्या मोठ्या प्रमाणावर शाळेच्या वयात होते.

त्रास नेहमी त्याच रूपात राहतो असंही नाही. आठव्या वर्षी पोटदुखी आणि शाळेची धास्ती, चौदाव्या वर्षी एकटं एकटं राहणं, अठराव्या वर्षी नैराश्य, असा प्रवास होऊ शकतो. पालकांना वाटतं, पोटदुखी सुटली. प्रत्यक्षात तिनं रूप बदललेलं असतं.

६. अमुक कारणामुळे अमुक विकार होतो, अशी यादी मिळेल का?

नाही, आणि अशी यादी कुणी दिली तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. एकाच सुरुवातीतून अनेक शेवट निघतात. लहानपणी छळ सोसलेल्या मुलांपैकी कुणाला नैराश्य येतं, कुणी व्यसनाकडे वळतं, कुणी आक्रमक होतं आणि कुणी नीट सावरतं. उलट बाजूनं, अनेक सुरुवाती एकाच शेवटाला पोचतात. ताप जसा वेगवेगळ्या कारणांनी येतो पण थर्मामीटरवर सारखाच दिसतो, तसं वर्गात लक्ष नसणं अतिचंचलतेमुळे (एडीएचडीमुळे) असेल, अपुऱ्या झोपेमुळे, कमी ऐकू येण्यामुळे, वाचता न येण्यामुळे किंवा घरातल्या भांडणांच्या धसक्यामुळे. निदानाच्या नावावरून कारण कळत नाही, ते त्या मुलाच्या इतिहासात शोधावं लागतं.

७. लहानपणी खोटं बोलणारं, चोऱ्या करणारं मूल पुढे गुन्हेगारच होतं ना?

बहुतेक नाही. हा प्रश्न विचारणाऱ्यांत शिक्षकही खूप असतात, म्हणून थोडं सविस्तर.

ली रॉबिन्स यांनी एका बालमार्गदर्शन केंद्रात पूर्वी आणलेल्या ५२४ मुलांना तीस वर्षांनी शोधून काढलं आणि १९६६ मध्ये निष्कर्ष मांडले. मोठेपणी समाजविघातक वागणाऱ्या जवळपास सगळ्यांचं बालपण तसंच गेलं होतं. पण तसं बालपण असलेल्यांपैकी निम्म्यांहून कमी जण मोठेपणी तसे राहिले. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. मोठ्या माणसाकडून मागे वळून पाहिलं की वाट सरळ दिसते, मुलाकडून पुढे पाहिलं की तिला फाटे फुटलेले दिसतात. तुरुंगातल्या माणसाचं बालपण ऐकून 'हे तेव्हाच कळायला हवं होतं' असं म्हणणारे ही गल्लत करतात.

१९९३ मध्ये टेरी मॉफिट यांनी यात वयाची भर घातली. काही मुलांचं असं वागणं अगदी लहानपणी सुरू होतं, त्याला बऱ्याचदा भाषेच्या किंवा लक्ष टिकवण्याच्या अडचणींची जोड असते, आणि ते पुढे टिकण्याची शक्यता जास्त. हा गट छोटा. दुसरा गट मोठा: किशोरवयात मित्रांच्या संगतीनं नियम मोडणारा आणि बहुतांशी पुढे थांबणारा. नंतरच्या अभ्यासांत आणखी एक गट ठळक झाला: लहानपणी गाजलेली आणि किशोरवयापर्यंत निवळलेली मुलं. म्हणून 'काय केलं?' याच्या आधी 'कधीपासून?' हे विचारावं.

८. किशोरवयात वादळ असतंच. मग काळजी करायची का?

असतंच, असं नाही. १९६० च्या दशकात रटर आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडजवळच्या 'आयल ऑफ वाइट' या बेटावरच्या १०-११ वर्षांच्या सगळ्या मुलांची पाहणी केली आणि तीच मुलं १४-१५ वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिली. बहुतेकांचे आईवडिलांशी संबंध तुटलेले नव्हते. कपडे आणि केसांवरून कुरबुरी होत्या, पण 'प्रत्येक किशोरवयीन मूल आतून विस्कटलेलं असतं' ही समजूत अतिशयोक्त निघाली. म्हणून आठवडेच्या आठवडे उदास असलेल्या मुलाला 'वयच तसं आहे' म्हणून सोडून देऊ नये. याच वयात मुलींमधलं नैराश्याचं प्रमाण मुलांपेक्षा झपाट्यानं वाढतं. त्याआधी दोघांत फारसा फरक नसतो.

९. खरं सांगा, आमच्या वागण्यामुळेच मुलाला हे झालं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि तो विचारणाऱ्यांत आया जास्त असतात. त्यामागे इतिहास आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करून स्वमग्नतेला वैद्यकीय ओळख दिली. त्यानंतरची दोन-तीन दशकं, थंड स्वभावाच्या आईवडिलांमुळे मूल स्वमग्न होतं, असं बिनदिक्कत सांगितलं गेलं. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि रटर यांनी २१ जुळ्या जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ पैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलं स्वमग्न होती, भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत नव्हती. पुढच्या मोठ्या अभ्यासांनी आनुवंशिकतेचा हा वाटा पक्का केला. त्या काळातल्या आयांना जे ऐकावं लागलं ते अन्यायकारक होतं, आणि त्याचे पडसाद अजून कानांवर येतात.

याचा अर्थ पालकांच्या वागण्याला किंमत नाही असा नव्हे. आक्रमक वागण्याच्या बाबतीत जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत बसून मिनिटामिनिटाच्या नोंदी केल्या. त्यातून एक साखळी दिसली. आई सांगते, 'खेळणी आवर.' मूल ऐकत नाही. ती आवाज चढवते. मूल किंचाळतं, वस्तू फेकतं. ती थकून म्हणते, 'जाऊ दे.' मूल क्षणात शांत होतं. आता दोघंही काहीतरी शिकले: मूल शिकलं की किंचाळलं की काम टळतं, आई शिकली की सोडून दिलं की शांतता मिळते. दिवसातून अनेकदा, महिनोन्महिने हे चाललं की साखळी घट्ट होते. इथे दोषी कुणीच नाही. चिडखोर स्वभावाचं मूल दमलेल्या माणसाच्या वाट्याला आलं की ती लवकर घडते. आणि ती सोडवता येते: लहान मुलांच्या वर्तनसमस्यांवर पालकांना दिलेलं प्रशिक्षण हा सर्वांत भक्कम पुरावा असलेल्या उपायांपैकी एक आहे.

मूल आईवडिलांना घडवतं तितकंच आईवडील मुलाला घडवतात, हे आर्नल्ड सॅमरॉफ यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं.

१०. म्हणजे सगळं जनुकांवरच आहे तर?

तसंही नाही. बहुतेक मनोविकारांत शेकडो, हजारो जनुकीय फरकांचा बारीक बारीक वाटा असतो. एकच जनुक शोधून काढण्याची उमेद या क्षेत्रानं बाळगली होती. २००३ मध्ये ड्युनेडिनच्याच (प्रश्न ५) माहितीवरून असं मांडलं गेलं की मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाशी संबंधित एका जनुकाचं विशिष्ट रूप असलेल्यांना ताणानंतर नैराश्य जास्त येतं. त्यावर खूप लिहिलं गेलं. पुढे लाखो लोकांच्या माहितीवर पडताळणी झाली तेव्हा त्याला आधार मिळाला नाही. अशा एका जनुकाची चाचणी करून मुलाचं मानसिक भविष्य सांगतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नयेत.

११. पहिली तीन वर्षं वाया गेली, आता काही उपयोग नाही, असं समजायचं का?

असं समजू नये, पण ती वर्षं महत्त्वाची नाहीत असंही मानू नये. याबद्दल सर्वांत ठोस माहिती रुमानियातल्या अनाथालयांतल्या मुलांकडून मिळाली आहे. १९८९ मध्ये तिथली राजवट कोसळली तेव्हा हजारो मुलं अशा संस्थांत होती, जिथे खायला जेमतेम मिळे आणि उचलून घेणारं कुणी नसे.

त्यातली काही ब्रिटनमध्ये दत्तक गेली आणि रटर यांच्या गटानं त्यांचा मागोवा घेतला. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ संस्थेत राहिलेली मुलं ब्रिटनमधल्याच दत्तक मुलांसारखी वाढली. त्याहून जास्त काळ राहिलेल्यांपैकी अनेकांत लक्ष टिकवण्याच्या अडचणी, स्वमग्नतेसारखी लक्षणं आणि अनोळखी माणसांशी अति मोकळं वागणं तरुणपणीही टिकून होतं. बौद्धिक मागासलेपण मात्र बरंचसं भरून निघालं होतं. आणि या जास्त काळ राहिलेल्या गटातल्या सुमारे एक पंचमांश मुलांत कोणत्याच टप्प्यावर अडचण आढळली नाही.

रुमानियाची राजधानी बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी २००० मध्ये १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. ६ ते ३१ महिन्यांच्या या मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून पालक कुटुंबांत, म्हणजे सांभाळायला तयार असलेल्या दुसऱ्या कुटुंबांत, ठेवलं. कुटुंबात गेलेल्या मुलांत चिंता आणि नैराश्य कमी दिसलं, मोठ्यांशी सुरक्षित नातं जास्त जुळलं. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना अनेक बाबतींत अधिक फायदा झाला. अतिचंचलतेच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही.

मला यातून असं दिसतं की 'मेंदूची खिडकी बंद होते' हे वाक्य फार ढोबळ आहे. वेगवेगळ्या क्षमतांच्या मुदती वेगवेगळ्या असतात, काही लवकर संपतात, काही बराच काळ खुल्या राहतात. आणि हे सगळं टोकाच्या उपेक्षेबद्दल आहे. नोकरी करणाऱ्या आईनं किंवा पाळणाघरात जाणाऱ्या मुलाच्या घरच्यांनी ते स्वतःला लावून घेऊ नये.

१२. इतक्या वाईट परिस्थितीतही काही मुलं कशी तरतात?

हवाई बेटांपैकी कवाईवर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळीस वर्षं मागोवा घेतला. दोन वर्षांच्या आतच गरिबी, जन्माच्या वेळचा त्रास, पालकांचा आजार किंवा व्यसन अशी चार किंवा अधिक संकटं असलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं समर्थ, प्रेमळ माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात आईवडील नसले तरी जीव लावणारं निदान एक मोठं माणूस होतं: आजी, शेजारी, शिक्षक. त्यांच्यावर काही जबाबदारी होती आणि स्वभाव माणसं जोडणारा होता. किशोरवयात घसरलेल्यांपैकीही बरेच जण तिशीपर्यंत सावरले.

याचा एक अर्थ मात्र घातक आहे: 'तो तरला, मग तुला का जमत नाही?' तरून जाणं हा मुलाच्या मनगटातला गुण म्हणून पाहिला की मदत देणाऱ्यांची जबाबदारी आपोआप हलकी होते. ॲन मास्टेन यांनी अनेक अभ्यास एकत्र पाहून दाखवलं की मुलांना तारणाऱ्या गोष्टी साध्याच असतात: चालतं घर, चांगली शाळा, ऐकणारं माणूस. त्या पुरवता येतात.

१३. बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांची प्रश्नावली भरली, चार गुण आले. आता काय होणार?

त्या आकड्यावरून एका माणसाबद्दल काही सांगता येत नाही. १९९८ मध्ये व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांनी हजारो प्रौढांच्या पाहणीतून दाखवलं की असे अनुभव (छळ, घरातली हिंसा, घरातलं व्यसन) जितके जास्त, तितकं पुढे व्यसन, नैराश्य आणि शारीरिक आजारांचं प्रमाण जास्त. हे समूहाबद्दल खरं आहे. एकाच गुणाचा अनुभव एकदाच घडलेला असेल किंवा दहा वर्षं चाललेला. प्रश्नावली दोन्हींना सारखंच मोजते. शिवाय मोठेपणी आठवून सांगितलेले अनुभव आणि लहानपणीच नोंदलेले अनुभव यांचा मेळ फारसा बसत नाही. सुरुवात एक, शेवट अनेक, हे प्रश्न ६ मध्ये आलंच आहे.

१४. गरिबीमुळे मनोविकार होतात की मनोविकारांमुळे गरिबी येते?

दोन्ही होतं, आणि ते वेगळं करणं अवघड असतं. एकदा मात्र परिस्थितीनंच प्रयोग करून दिला. जेन कॉस्टेलो आणि सहकारी अमेरिकेत ग्रेट स्मोकी पर्वतांच्या भागात १९९३ पासून १,४२० मुलांचा मागोवा घेत होते. मध्येच, १९९६ मध्ये, तिथल्या आदिवासी वसाहतीत कॅसिनो सुरू झाला आणि त्याच्या नफ्यातून त्या जमातीच्या प्रत्येक कुटुंबाला पैसे मिळू लागले. दारिद्र्यातून वर आलेल्या घरांतल्या मुलांची वर्तनाची लक्षणं कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीला आली. पालकांना मुलांकडे लक्ष द्यायला उसंत मिळाली, हे त्यामागचं मोठं कारण होतं. चिंता आणि नैराश्यात मात्र बदल झाला नाही. एकाच उपायानं सगळे विकार हलत नाहीत, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

१५. वर्गातल्या सर्वांत लहान मुलाला अतिचंचलता आहे असं शाळा म्हणते. विश्वास ठेवावा का?

मुलाच्या जन्मतारखेकडे पाहून मग ठरवा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशासाठी ३१ डिसेंबर ही वयाची सीमा आहे. तिथल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींत, डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांना त्याच वर्गातल्या जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्के आणि मुलींना ७० टक्के जास्त वेळा हे निदान मिळालं होतं. सहाव्या वर्षी अकरा महिन्यांचं अंतर फार मोठं असतं. तुलना वर्गाशी झाली, ती वयाशी व्हायला हवी होती. अपरिपक्व मुलाला वर्षभर उशिरा शाळेत घालण्याची मोकळीक असलेल्या डेन्मार्कमध्ये हा फरक फारसा आढळला नाही.

याचा अर्थ अतिचंचलता खोटी आहे असा काढू नका. २००७ मध्ये फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या बाह्यपटलाच्या वाढीचा माग काढला. पटलाची जाडी शिखरावर पोचण्याचं मध्यम वय निरोगी मुलांत साडेसात, तर अतिचंचलता असलेल्यांत साडेदहा वर्षं होतं. म्हणजे वाढीला लागणारा उशीर हा या विकाराचाही भाग आहे, आणि म्हणूनच वयाचा हिशेब इथे चोख हवा.

१६. मग मेंदूचा स्कॅन करून निदान होईल का?

नाही. प्रश्न १५ मध्ये आलेले मेंदूच्या वाढीसारखे फरक शेकडो मुलांच्या सरासरीत दिसतात. एका मुलाच्या स्कॅनवरून ते ओळखता येत नाहीत. झटके येत असतील किंवा मज्जासंस्थेच्या दुसऱ्या आजाराची शंका असेल तर डॉक्टर स्कॅन सांगतात, ते वेगळं.

१७. शिक्षक म्हणतात त्रास आहे, घरी तर काहीच दिसत नाही. कुणाचं खरं?

दोघांचंही असू शकतं. १९८७ मध्ये थॉमस आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं. आई आणि वडील यांच्या मतांतला सहसंबंध (मतं किती जुळतात याचं माप, १ म्हणजे पूर्ण मेळ) सुमारे ०.६० होता, पालक आणि शिक्षक यांच्यासारख्या वेगळ्या भूमिकेतल्या माणसांच्या मतांत तो ०.२८ वर आला. मुलाचं स्वतःचं म्हणणं आणि इतरांचं म्हणणं यांत ०.२२. पूर्वी ही मोजमापातली चूक मानत. आता तिच्याकडे माहिती म्हणून पाहतात. फक्त शाळेत दिसणारा त्रास वाचता न येण्याचा किंवा वर्गातल्या दादागिरीचा असू शकतो. दिवसभर शाळेत स्वतःला आवरून धरणारं आणि घरी आल्यावर कोसळणारं मूल शाळेला 'गुणी' वाटतं. स्वमग्न मुलींच्या बाबतीत निदानाला उशीर होण्याचं हे एक ओळखीचं कारण आहे. चिंता आणि उदासी यांबद्दल मुलालाच विचारावं. ती बाहेरून कमी दिसतात.

१८. मूल बौद्धिकदृष्ट्या मागे असेल तर तुलना कोणत्या वयाशी करायची?

दोन्ही वयांशी. बारा वर्षांच्या मुलाची समज पाच वर्षांच्या मुलाइतकी असेल, तर एकटं असताना काल्पनिक मित्राशी बोलणं त्याच्या समजेला शोभणारं आहे, तो भास धरू नये. लक्ष टिकणं किंवा जागेवर बसणंही आधी त्याच्या समजेच्या वयाशी ताडून पाहावं. पण शरीराचं वय थांबलेलं नसतं. वयात येण्याचे बदल, झोपेच्या बदलत्या वेळा, समवयस्कांनी दूर ठेवल्याचं दुःख हे बाराव्या वर्षाचंच असतं.

उलट चूक जास्त होते. अशा मुलाला नैराश्य आलं, तो चिडू लागला, खाणं सोडलं, तर सगळं मूळ अक्षमतेच्या खात्यात टाकलं जातं. त्याचा दातदुखीचा त्रासही 'वर्तनसमस्या' म्हणून लिहिला जातो. मूल आधी कसं होतं आणि आता काय बदललं, ही तुलना इथे इतर मुलांशी केलेल्या तुलनेपेक्षा जास्त सांगून जाते.

१९. निदान झालेलं मूल काही वर्षांनी निकषांत बसेनासं झालं. म्हणजे निदान चुकलं होतं का?

तसं असेलच असं नाही. अतिचंचलता असलेल्या ५७९ मुलांवरचा अमेरिकेतला एक उपचार-अभ्यास १९९० च्या दशकात सुरू झाला आणि त्यातल्या मुलांना पुढे विशीपर्यंत पुन्हा पुन्हा तपासलं गेलं. सुमारे ६४ टक्क्यांच्या बाबतीत लक्षणं कधी गेली, कधी परत आली. कायमची गेली असं सुमारे ९ टक्क्यांतच म्हणता आलं. एकाच तपासणीवर थांबलो असतो तर यातले कित्येक 'बरे झाले' असं लिहिलं गेलं असतं.

निकषही बदलतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ मध्ये अतिचंचलतेची लक्षणं दिसण्याची वयाची अट ७ वरून १२ वर्षांवर नेली. आधी अटीत न बसणारी मुलं त्या दिवशी बसू लागली, त्यांच्यात काहीच बदललं नव्हतं.

म्हणून जुने अहवाल फेकू नका. शाळा बदलताना, वयात येताना आणि घर सोडून शिकायला जाताना पुन्हा एकदा भेट ठरवा, मूल ठीक दिसत असलं तरी. मिळणारी सवलत किंवा औषध थांबवायचं असेल तर ते परीक्षेच्या तोंडावर एकाएकी थांबवू नका. डॉक्टरांशी बोलून, कमी ताणाच्या काळात आणि काय बदलतंय याच्या नोंदी ठेवत थांबवा. दहा-अकरा वर्षांपुढच्या मुलाला या चर्चेत बसवा. शाळेत नेमकं काय जड जातं आणि काय आता जमू लागलं आहे, ते त्यालाच विचारा.